जुन्या गाडीसाठी स्वस्तातला स्पॉट वेल्डर कसा निवडावा

जुनी पद्मिनी किंवा मारुती ८०० दुरुस्तीला काढली, की फ्लोअरचा पत्रा सडलेला निघतोच. कंपनीने तो स्पॉट मारूनच, म्हणजे दोन पत्रे तांब्याच्या टोकांमध्ये दाबून करंटने ठिपक्याठिपक्याला वितळवून, जोडलेला असतो, म्हणून आपल्यालाही तेच मशीन हवंसं वाटतं.

आधी घरची वीज तपासा. नेमप्लेटवरचा केव्हीए आकडा (मशीनची विजेची क्षमता) सहसा निम्मा वेळ चालवण्याच्या हिशोबाचा असतो. स्पॉट मारताना क्षणभर ओढ त्याच्या कितीतरी पट होते. आपल्याकडे मे महिन्यात कूलर सुरू झाले की व्होल्टेज १९० पर्यंत घसरतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटत असल्याने २३० च्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश उरते. मग स्पॉट कच्चे. जाड वायरची स्वतंत्र लाइन ओढा आणि काम सकाळी उरका.

ऑनलाइन सगळ्यात स्वस्त दिसतात ती बॅटरी सेलच्या निकेल पट्ट्या जोडायची. ती सोडा. कूलर-कपाटवाल्यांच्या शेडमधलं पायाने दाबायचं जुनं मशीन दणकट असतं, पण त्याच्याकडे गाडी कशी नेणार? सुट्या तुकड्यांपुरतं ठीक. बॉडीला हातात धरायचं, एक फेजवर चालणारं, टायमरवालंच घ्या. टायमर नसेल तर प्रत्येक स्पॉट वेगळा पडतो. लांब आर्मचा (टीप धरणाऱ्या दांड्यांचा) मोह टाळा, कारण लांबी वाढली की करंट आणि दाब दोन्ही घटतात.

सेकंडहँड मशीन छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींकडे शोधता येईल. पैसे मोजण्याआधी चाचणी घ्या. आपल्याच गाडीच्या जाडीच्या, म्हणजे ०.८ मिलिमीटरच्या आसपासच्या, दोन पट्ट्या चकचकीत घासून न्या. स्पॉट मारा, एक पट्टी व्हाइसमध्ये आवळा, दुसरी पकडीने गुंडाळत सोला. एका पट्टीला भोक पडून दुसरीवर चारेक मिलिमीटरचं बटण चिकटून राहिलं, तर स्पॉट पक्का. दोन्ही नुसत्या सुटल्या तर विकणारा काहीही सांगो, निघून या. ठिणग्या उडून पत्रा जळाला तर दाब कमी किंवा वेळ जास्त. सेटिंग बदलून पुन्हा बघा. तांब्याच्या टीप बाजारात मिळतात का, हेही विचारून ठेवा. त्या झिजून पसरतात, मधूनमधून कानसाव्या लागतात.

एक अडचण उरतेच: स्पॉटला दोन्ही बाजूंनी आर्म पोचावा लागतो. दाराखालच्या बंद सिलमध्ये तो शिरत नाही. तिथे वरच्या पत्र्याला सहा मिलिमीटरचं भोक पाडून मिगने (तार वितळवून जोडणाऱ्या वेल्डिंग मशीनने) भरा. हातात एकाच मशीनपुरते पैसे असतील, तर मी मिगच घेईन.