बेलक्रँकचा नट बोटांनी फिरला
जुहूच्या हँगरमध्ये हेलिकॉप्टरची ठरलेली तपासणी चालू होती. सहकारी सायक्लिक स्टिक, म्हणजे पायलटच्या हातातला दिशा देणारा दांडा, हलकेच हलवत होता आणि मी स्वॉशप्लेटकडे (पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीकडे) जाणारा एकेक कंट्रोल रॉड हातात धरून पाहत होतो. एका बेलक्रँकपाशी, म्हणजे रॉडची हालचाल वळवणाऱ्या कोनी तुकड्यापाशी, बारीकशी टक जाणवली. नट हलला तर कळावं म्हणून ओढलेली टॉर्कची रेघ तुटलेली, नट सुटू न देणारी स्प्लिट पिन गायब, आणि नट चक्क बोटांनी फिरत होता! असा नट नुसता आवळून अजिबात चालत नाही. हलत्या सांध्यातला बोल्ट फिरू शकतो, म्हणून तिथे पिन हवीच. बोल्ट काढला तर झिजलेला. नवा बोल्ट, पिनसाठी खाचा असलेला नवा कॅसल नट, मॅन्युअलप्रमाणे टॉर्क (आवळण्याचा जोर), नवी पिन, नवी रेघ. मग दुसऱ्या इंजिनिअरकडून स्वतंत्र तपासणी. सुटी पिन कंट्रोलमध्ये अडकू शकते, म्हणून जुनी पिन सापडेपर्यंत पॅनेल बंद करू दिलं नाही. ती खालच्या कोपऱ्यात, दुसऱ्या रॉडलगतच पडली होती.