जुन्या मोटार डीलरची पावती कोणत्या सालची?

मुंबईतल्या जुन्या मोटार डीलरांच्या वस्तू जमवायच्या असतील तर इनॅमलच्या पाट्यांआधी कागद शोधा: पावत्या, डिलिव्हरी चलनं, फियाट अकराशेची माहितीपत्रकं. पाट्यांच्या नकला भरपूर निघतात. साध्या पावतीची नक्कल करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. आणि मला विचाराल तर गाडी घरी आली तो दिवस पावतीतच जास्त जिवंत राहतो.

तारखेचा कोपरा फाटला असला तरी साल सापडतं. हिशोब रुपये-आणे-पैमध्ये असेल तर कागद बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. ‘नये पैसे’ असेल तर साधारण १९५७ ते १९६४. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच. नुसतं ‘बॉम्बे ७’ असा पिनकोडाआधीचा टपाल विभागाचा आकडा असेल तर जपून, कागद १९७२ आधीचाच असेल असं नाही, कारण जुनी लेटरहेडं संपेपर्यंत वापरली जात. तिथे छापील पत्त्यापेक्षा हातानं लिहिलेल्या हिशोबावर भिस्त ठेवा.

गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढा. लॅमिनेशन अजिबात नको, ते कागदाला कायमचं चिकटतं. आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका. वस्तू कुठून, कोणाच्या घरातून मिळाली ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं त्याच दिवशी लिहा.