पोराला शहाणं करायचं तर बाजाराची पिशवी त्याच्या हातात द्या

कऱ्हाड भागात मी मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर आहे. आठवी ते बारावीची पोरं. काही पाटण-ढेबेवाडीच्या डोंगरातली, काही माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातली. जूनमध्ये ट्रंक आणि गादी घेऊन बाप सोडायला येतो आणि निघताना हळूच म्हणतो, "सर, हुशार हाय पोरगं, पर अक्कल न्हाई. तेवढं बघा." आता मार्कांचं बघायला क्लासवाले आहेत. पण कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, कोणाच्या नादी लागायचं नाही, पैसा कुठे धरायचा आणि कुठे सोडायचा, याचा क्लास अजून तरी कोणी काढलेला नाही.

व्याख्यानाने हे येत नाही, ते आधीच सांगून टाकतो. आमच्या फळ्यावर रोज सुविचार असतो. लिहिणाऱ्याचं अक्षर सुधारतं, बाकीचे वाचतही नाहीत. वक्ते येतात, दीड तास बोलतात, टाळ्या पडतात, आणि त्याच रात्री आंघोळीच्या बादलीवरून दोघं एकमेकांची कॉलर धरतात. पोरगं शहाणं होतं ते स्वतः काहीतरी ठरवून आणि त्याचं बरंवाईट स्वतः भोगून. मोठ्यांनी दोनच गोष्टी बघायच्या: ठरवायला दिलेलं काम खरं असावं, आणि ते बिघडलं तर होणारं नुकसान आपल्याला झेपणारं असावं.

खरं काम, खरा पैसा

आमच्या मेसची भाजी पोरं आणतात. आठवड्याला एक जोडी, त्यात एक मोठा, एक लहान. ठरलेली रक्कम, वही आणि पिशव्या त्यांच्याकडे. किती ताटं आहेत ते मी सांगतो, काय आणायचं ते त्यांनी ठरवायचं.

एकदा एका जोडीने टोमॅटो स्वस्त मिळाले म्हणून क्रेटच्या क्रेट उचलून आणले. वरचा थर लालबुंद, देखणा. मावशींनी क्रेट परातीत उपडा केला आणि खालून पाणीच गळायला लागलं. अर्धा माल पिचलेला. दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी मावशींना म्हटलं, "निवडा, आणि निघतील तेवढ्याचं सार करा." पोरांना काहीच बोललो नाही. त्या आठवड्यात ताटात सारच सार. पंगतीत त्या दोघांचं नाव 'सार कंपनी' पडलं, ते माझ्या चार शब्दांपेक्षा जास्त झोंबलं. रविवारी निवांत असताना मोठ्याला विचारलं, "पुढच्या खेपेला काय करशील?"

"आधी खालच्या थरात हात घालनार, सर. आन् येवढं स्वस्त का देतोय, ते इचारनार."

'स्वस्त का देतोय' हा प्रश्न आता मी सगळ्या पोरांना वापरायला लावतो. मोबाईलवर 'व्हिडिओ लाइक करा, घरबसल्या कमवा' असा मेसेज आला, कागदपत्रांशिवाय कर्ज देणारं अॅप दिसलं, कोणी फुकटात गेमची नाणी देतो म्हणाला, की पोरं आपसातच म्हणतात, "खालच्या थरात हात घाल." (तरीही कोणी फसलाच, तर सायबर फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करायचा. लाजेने दोन दिवस घालवले की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत निघून जातात.)

घरी हेच किराणा, लाइट बिल, आजीची औषधं, शेतात मजुरांचा हिशेब, यांतल्या एका कामावर करता येतं. काम पूर्ण त्याच्याकडे सोपवा. बाजारात पोचल्यावर "कोथिंबीर घेतलीस का" म्हणून फोन करू नका. काटकसर करून पैसे उरले तर ते त्याचे. कमी पडले तर गुपचूप भर घालू नका. त्या आठवड्यात घरात चहा बिनदुधाचा झाला तरी चालेल. आयांना हे फार जड जातं, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं, पण इथे माया आवरावी लागते.

यात माझं नवीन काही नाही. भाऊराव पाटलांनी १९१९ साली आमच्या कऱ्हाडजवळच काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राबवली, एका पंगतीत जेवू घातली. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले. आजचे पालक फी भरून विचारतात, "आमच्या मुलाला भांडी का घासायला लावता?" मी त्यांना चहा देतो. कप त्यांचाच मुलगा विसळून आणतो.

भांडण मिटवायचा कागद

पोरांना समोर बसवून "माझ्याकडे बघून बोल" म्हटलं की तोंडाला कुलूप लागतं. त्यापेक्षा शेजारी बसा. शेंगा सोलताना, गाडी पुसताना, रानात जाताना दोघांची नजर कामावर असली की पोरगं आपणहून बोलायला लागतं. आणि "असं का केलंस?" हे विचारणं सोडा. का केलं ते त्यालाही ठाऊक नसतं, मग तो तुम्हाला आवडेल असं काहीतरी रचून सांगतो. "आधी काय झालं? मग तू काय म्हणालास? मग तो?" असं एकेक पायरीने विचारत गेलं की घोटाळा कुठे झाला ते त्याचं त्यालाच दिसतं.

मारामारी झाली की आमच्याकडे कागद निघतो. दोघांनी लिहायचं, पण स्वतःची बाजू नाही, समोरच्याची. लिहिलेलं समोरच्याने वाचायचं आणि "हां, असंच झालं" म्हणेपर्यंत पुन्हा लिहायचं. परवा चार्जरवरून झालेल्या भांडणात एकाने लिहिलं, 'याने न विचारता माझा चार्जर घेतला.' दुसरा उसळला, "ही तुझी बाजू झाली! मी इचारलं हुतं, तू कानात हेडफोन घालून बसला हुतास." कागद फाडला, नवा घेतला. नव्या कागदावर लिहिलं, 'त्याने विचारलं होतं. मला ऐकू आलं नाही. त्याचा मोबाईल बंद पडला होता आणि घरी आजी आजारी होती म्हणून त्याला फोन करायचा होता.' आजीचं त्याला तोवर माहीतच नव्हतं. माफी मागायला मी सांगितलं नाही, त्याने मागितली. जबरदस्तीची माफी मी कधी मागवून घेत नाही. तिने पोरगं फक्त पुटपुटायला शिकतं.

एक नियम माझ्यासाठीही आहे: रात्री निकाल लावायचा नाही. झोपेला आलेलं पोरगं आणि दमलेला रेक्टर, दोघांचंही डोकं ठिकाणावर नसतं. दोघांना वेगळ्या खोल्यांत झोपवायचं आणि नाश्त्यानंतर बसायचं.

मित्र बघत असताना

एकटं असताना समंजस वागणारं पोरगं चार मित्रांत वेड्यासारखं का करतं, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. त्यात त्याचा खोटेपणा नसतो. या वयात मेंदूतला थराराची आणि शाबासकीची ओढ लावणारा भाग आधी जोर धरतो. कपाळामागचा, आवर घालणारा भाग मात्र पंचविशीच्या आसपास पक्का होतो. त्यात मित्र बघत असले की ओढ आणखी वाढते. म्हणून "दुसरे विहिरीत उडी मारतील तर तूही मारशील का?" या प्रश्नाचं खरं उत्तर बऱ्याचदा "हो" असतं.

मग "नाही म्हणायला शीक" एवढंच सांगून काय होणार? मित्रांत तोंडावर नाही म्हणणं मोठ्यांनाही जमत नाही, लग्नात हळदीच्या रात्री बघा. पोराला सटकायला वाट ठेवा. आमचा ठराव असा: कुठेही अडकलास तर मला फक्त 'जेवणाचं काय?' एवढा मेसेज टाक. मी फोन करून मोठ्या आवाजात ओरडेन, "आत्ताच्या आत्ता ये!" मित्रांपुढे वाईट मी ठरतो, त्याची पत शाबूत राहते. परत आल्यावर त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. हे पाळलं नाहीत तर दुसरा मेसेज येणारच नाही.

तलवारीने केक कापायचे, 'भाई का बर्थडे' म्हणून रील टाकायचे जे प्रकार चालतात, त्यावर मी भाषण देत नाही. शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या मोठ्या पोरांनाच वाचायला देतो आणि लहानांना समजावून सांगायचं काम त्यांच्यावर टाकतो. दुसऱ्याला सांगताना माणूस स्वतः नीट ऐकतो.

गाडीबद्दल मात्र चर्चा नाही. १८ च्या आत गिअरची गाडी नाही म्हणजे नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. पण शनिवारी बुलेटची चावी पोराच्या हातात देणारा बापच असेल तर रेक्टरने काय करावं? फोनवर "साहेबांना सांग, मी घरी नाही" असं पोराकडून वदवून घेणाऱ्या बापांनाही हेच विचारायचं आहे.

आगाऊपणा नसतो तेव्हा

पोरगं एकाएकी गप्प झालं, जेवण सुटलं, मैदानावर येईना, किंवा सारखं चिडायला लागलं, तर त्याला अक्कल शिकवायला जाऊ नका. पोरांचं दुःख पुष्कळदा रागाच्या रूपात बाहेर येतं. जवळ बसा, विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तो आमच्या सूचनाफलकावर लावलेला आहे, सुविचाराच्या वर.

या दिवाळीच्या सुट्टीत

सुरुवात कुठून करायची असं विचारत असाल तर पोराला एसटीने एकट्याला मामाच्या गावी पाठवा. गाडी कुठून सुटते, कुठे बदलायची, शेवटची गाडी किती वाजता, हे त्याने चौकशीच्या खिडकीवर जाऊन स्वतः विचारायचं. मामाला गुपचूप फोन करून ठेवा, ते पोराला कळू देऊ नका. गाडी चुकली तर दुसरी कशी मिळवायची ते त्याला शोधू द्या. परत आला की हिशेब मागा, पण दहा-वीस रुपये जुळत नसतील तर त्यावरून पंचनामा करू नका. स्टँडवर वडापाव खाल्लेला असतो.