गवताची वाढ कोणत्या अन्नद्रव्यावाचून अडली आहे, हे कसे शोधावे

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सुमारे २८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) होते. ते आता ४२० पीपीएमच्या पुढे गेले आहे. हा वायू गवताचे अन्नच असल्याने कुरणे आपोआप दाट होतील, असे अनेकांना वाटते. परंतु पानाला कार्बन कितीही मिळाला, तरी त्यातून नवी पेशी घडण्यासाठी लागणारे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) मुळांनाच मिळवावे लागतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे चाललेल्या ‘बायोकॉन’ या दीर्घकालीन प्रयोगात, नत्राची टंचाई असलेल्या वाफ्यांत मुद्दाम सोडलेल्या जादा कार्बन डायऑक्साइडचा लाभ काही वर्षांतच ओसरू लागला. म्हणून खत टाकण्याआधी उणीव नेमकी कशाची आहे, हे तपासावे.

प्रथम पाने पाहावीत. जुनी पाने शेंड्याकडून पिवळी पडत असतील तर नत्राचा, कोवळी पाने पिवळी असतील तर गंधकाचा आणि पानांवर जांभळट छटा असेल तर स्फुरदाचा संशय घ्यावा. थंडीनेही पाने जांभळी होतात, त्यामुळे केवळ रंगावर निर्णय सोडू नये.

खरा पुरावा वाफे देतात. एकसारख्या जागेत २ मीटर लांबी-रुंदीचे चार वाफे आखावेत आणि शक्य असल्यास हीच मांडणी तीनदा करावी. सर्व वाफ्यांतील गवत ५ सेंटिमीटर उंचीवर कापून एक वाफा तसाच ठेवावा, दुसऱ्यात ४४ ग्रॅम युरिया, तिसऱ्यात १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि चौथ्यात दोन्ही टाकावे. युरिया जमिनीवर उघडा राहिल्यास त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते, म्हणून लगेच पाणी द्यावे, आणि तेही चारही वाफ्यांना सारखेच. सुपर फॉस्फेटमध्ये गंधकही असते, हे निष्कर्ष काढताना विसरू नये. मला ही चूक सर्वांत सहज घडणारी वाटते.

सहा आठवड्यांनी प्रत्येक वाफ्याच्या मध्यभागी अर्ध्या मीटरची चौरस चौकट ठेवून आतील गवत त्याच उंचीवर कापावे आणि वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलावे. उंचीवरून किंवा ओल्या वजनावरून तुलना करू नये. केवळ युरियाने वजन वाढले तर नत्र कमी आहे. दोन्ही एकत्र दिल्यावरच वाढले तर दोन्हींची उणीव आहे. कशानेच फरक पडला नाही तर ओलावा, सामू (जमिनीची आम्लता, पीएच) आणि पालाश (पोटॅश) तपासावेत. स्फुरदाची कमतरता आढळल्यास ती आधी भरून काढावी आणि मगच द्विदल (शेंगावर्गीय) वनस्पती पेराव्यात, कारण स्फुरदाविना त्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र नीट बांधू शकत नाहीत.

गवत जनावरांसाठी असेल, तर वाळलेल्या नमुन्यातील नत्राची टक्केवारी प्रयोगशाळेतून घेऊन तिला ६.२५ ने गुणावे; येणारा आकडा म्हणजे चाऱ्यातील कच्च्या प्रथिनांची टक्केवारी. वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे पानांतील नत्र विरळ होते, आणि कच्ची प्रथिने सुमारे ७ टक्क्यांखाली गेली की पोटातील चारा पचवणाऱ्या जंतूंचे काम मंदावून जनावर समोरचा चाराही कमी खाते.