आठ महिने चेन्नईत, घर सोलापुरात

गॅसचा कोड माझ्या मोबाइलवर आला तेव्हा मी अंबत्तूरच्या कारखान्यात शर्टांच्या कॉलरी तपासत होते आणि मोबाइल लॉकरमध्ये होता. तिकडे सोलापुरात सिलिंडरवाला त्या कोडासाठी दारात उभा. आमच्या ह्यांनी सात वेळा फोन केला, शेवटी तो भरलेली टाकी घेऊन परत गेला. कनेक्शन माझ्या नावावर, म्हणून कोडही माझ्याच नंबरावर. घरातून निघून मला नऊ दिवस झाले होते.

आमची कंपनी शाळेचे गणवेश शिवते. एका मोठ्या ऑर्डरचं काम चेन्नईच्या युनिटला दिलं होतं आणि तिथे माल तपासायला इथलं कुणीतरी हवं होतं. जूनच्या मध्याला गेले, फेब्रुवारीत परत आले. घरी नवरा, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. आता आमच्यातलीच दुसरी एकजण निघाली आहे. तिला दोन दुपारी डबा खाताना जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

पहिली गोष्ट, ‘थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे’ हे म्हणणं सोडून द्या. या एका वाक्यापायी मी दीड महिना उशी घेतली नाही. चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपले आणि मान धरली ती धरलीच. बादली घेतली नाही, दुसरीची मागत राहिले. आठ महिने म्हणजे दोनशे चाळीस रात्री. उशी, बादली, मग, दोरी, डझनभर चिमटे आणि स्वतःचं कुलूप पहिल्या रविवारी विकत घ्या. निघताना तिथेच कुणाला तरी देऊन टाकायचं.

निघण्याआधी घरात

कोणता कोड कोणाच्या मोबाइलवर येतो, याची आधी झडती घ्या. गॅस, बँक, वीजबिल, शाळेचं अ‍ॅप, सासूबाईंच्या पेन्शनचा मेसेज. गॅसचा नंबर एजन्सीत जाऊन बदलता येतो. मी तो बदलला, पण वरचा तमाशा झाल्यावर, ह्यांना एजन्सीत पाठवून. बँकेचा नंबर मात्र बदलू नका. घरखर्चाला वेगळं खातं असू द्या आणि पगार झाला की ठरलेल्या तारखेला त्यात रक्कम टाका. तारीख चुकली की घरात कुणी मागत नाही, पण उसने घेतात.

मग एका संध्याकाळी नवऱ्याला शेजारी बसवून सगळं त्याच्याच हातून करून घ्या. वीजबिल त्याने भरायचं, सिलिंडर त्याने नोंदवायचा, शाळेच्या ग्रुपवर त्याने शिरायचं. आपण हात मागे बांधून बघायचं. ‘सरका, मी दाखवते’ म्हणालात की संपलं.

वहीत लिहा, पण थोडं. दूधवाल्याचा हिशोब, औषधांच्या वेळा, मुलीच्या क्लासची फी, प्लंबरचा नंबर. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि वेळ सांगून येत नाही, तेव्हा पाण्याला कोण उठणार हेही ठरवून टाका. मी उत्साहात वरण कसं लावायचं तेसुद्धा लिहिलं. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “मी काय मेले का?” पान फाडलं.

राहायची जागा

चेन्नईत घर भाड्याने घ्यायच्या भानगडीत आठ महिन्यांसाठी पडू नका. तिथे अनेक महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात, त्याला ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात, आणि ते सुटेपर्यंत जीव टांगणीला. बायकांच्या हॉस्टेलात कॉट मिळते. मी दोघींच्या खोलीत जेवणासकट महिना सात हजार देत होते. तमिळनाडू सरकारची नोकरदार बायकांसाठी ‘तोळी’ नावाची वसतिगृहंही आहेत, तोळी म्हणजे मैत्रीण. कामाच्या जागेजवळ असेल तर आधी तिथे चौकशी करा.

पैसे देण्याआधी विचारायचं ते असं: सोडताना किती दिवस आधी सांगावं लागेल, फाटक किती वाजता बंद होतं, आणि पोंगलला मेस चालू असते का. पहिल्याचं उत्तर पावतीवर लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं. माझे अर्ध्या महिन्याचे पैसे ‘मेंटेनन्स’ या नावाखाली गेले, आणि आठ महिन्यांत त्या खोलीला रंगाचं एक बोटही लागलं नव्हतं.

तळमजला घेऊ नका. आपला पाऊस जूनमध्ये सुरू होतो, तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपण दिवाळीला छत्री वर टाकतो, तेव्हा तिथे ती खाली काढतात. डिसेंबर 2015 आणि डिसेंबर 2023, दोन्ही वेळा शहराचे मोठे भाग पाण्यात होते. माझ्या मैत्रिणीची सॅक नुसत्या एका रात्रीच्या पावसात कॉटखाली तरंगली. कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या फळीवर ठेवा.

भाकरी, पाणी आणि भात

सोलापूरची माणसं कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेतल्याशिवाय कुठे जात नाहीत. मीही चाळीस भाकऱ्या नेल्या, घरी ठेवतो तशाच फडक्यात गुंडाळून. चार दिवसांत त्या सादळल्या. वाकवली तर वाकायची, मोडायची नाही. सोलापूरच्या कोरड्या हवेत महिनोन्‌महिने टिकणारी भाकरी समुद्राच्या दमट हवेपुढे हरते, हे कुणी सांगितलं नव्हतं. आता सांगते: घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, दहा-दहाच्या पुड्या प्लास्टिकमध्ये बांधून, एका वेळी एकच पुडी उघडायची. सादळलीच तर मंद तव्यावर उलटीपालटी करायची, परत कडक होते. मेसच्या मावशींशी आधी गोडीने बोलून ठेवा, त्या तवा देतात. मी त्यांना चटणी दिली, त्यांनी मला तवा दिला. चटणीलाही दमट हवा मानवत नाही, म्हणून लहान लहान बरण्या भरा आणि ओला चमचा घालू नका. धपाटे मात्र गाडीतच संपवायचे.

ज्वारीचं पीठ तिथे मिळतं, पण मागताना जपून. ज्वारीला तमिळमध्ये चोळम म्हणतात आणि मक्याला मक्काचोळम. घाईत माणसं मक्यालाही नुसतं चोळम म्हणून जातात. मी आनंदाने किलोभर पीठ आणलं, भाकरी थापली तर पिवळी. ‘वेळ्ळै चोळम’, म्हणजे पांढरी ज्वारी, असं स्पष्ट मागा. पोह्यांना अवल म्हणतात. शेंगदाण्यांना वेरकडलै, हा शब्द मला पाठ व्हायला एक महिना लागला.

बाकी तिन्ही त्रिकाळ भात. पहिला आठवडा पोट भरल्यासारखं वाटतं आणि दोन तासांनी भूक लागते. भाताशी भांडू नका. सकाळी इडली नाहीतर पोंगल, म्हणजे तांदूळ-मुगाची खिचडी, पोटभर खा, दुपारी सांबार, रसम आणि शेवटी ताक-भात, हा क्रम पाळला की घामाने येणारा थकवा कमी होतो. वाढताना ‘पोदुम’ म्हणजे पुरे, ‘कोंजम’ म्हणजे थोडं. ‘वेंडाम’ म्हणजे नको, पण वाढणाऱ्या मावशींना ते ऐकू येत नाही.

पिण्याचं पाणी वीस लिटरच्या कॅनमधून येतं. कॅनची अनामत वेगळी, तिची पावती जपा. आमच्या हॉस्टेलचं बोअरचं पाणी खारट होतं. त्यात डाळ शिजत नाही, चहा मचूळ लागतो आणि केस काथ्यासारखे होतात. चहाला आणि केसांच्या शेवटच्या तांब्याला कॅनचंच पाणी वापरायचं. हिटिंग कॉइल नेऊ नका, हॉस्टेलात काढून घेतात. चादरी दोन नेल्या होत्या. अंगावर घ्यायला चेन्नईत एकदाही लागल्या नाहीत, गादीवर अंथरायला कामी आल्या.

फिरणं आणि बोलणं

आपल्याकडे बायकांना एसटीत अर्धं तिकीट, तिथे मे 2021 पासून साध्या शहर बसला तिकिटाचे पैसेच नाहीत. ओळखपत्र मागत नाहीत. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट देतो, ते उतरेपर्यंत हातात ठेवा. एसी आणि डिलक्स गाड्यांना हे लागू नाही, तेव्हा चढण्याआधी बघा. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत काम असेल तर लोकलचं पट्टरवाक्कम स्टेशन जवळ पडतं.

हिंदीवर विसंबू नका. सौकारपेट भागात ती चालते, बाकी ठिकाणी समोरचा ‘तेरियादु’, म्हणजे माहीत नाही, म्हणून मोकळा होतो. मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली शेजारणींमुळे तेलुगू थोडी कळते, तिने बऱ्याच वेळा तारलं. ‘एव्वळवु?’ म्हणजे किती. आणि ‘अक्का’ तर आपलाच शब्द. कुणालाही अक्का म्हणून हाक मारली की ती रस्ता सांगायला दुकानातून बाहेर येते.

फोन

सगळ्यात जास्त मी इथे चुकले.

पहिला महिना मी चेन्नईत बसून सोलापूरचं घर चालवत होते. सकाळी सहाला फोन, दूध तापवलं का. साडेसातला, डबा भरला का, डब्यात काय. दुपारी सासूबाईंना, गोळी घेतली का. रात्री पुन्हा सगळ्यांची हजेरी. एके दिवशी मुलगी म्हणाली, “आई, तू फोन केलास की बाबा घाईघाईने ओटा पुसतात.” व्हिडिओ कॉलवर मी ओटा बघत होते, माणसं नाही.

तेव्हापासून एकच वेळ, रात्री पावणेनऊ. मी मेसमधून वर येते, घरी जेवणं आटोपलेली असतात. तातडीचं काही असेल तर ह्यांनी मेसेज करायचा, मी दुपारच्या सुट्टीत बघायचा. फोनवर ‘जेवलात का’ विचारायचं नाही, कारण त्याला ‘हो’ सोडून उत्तर नसतं आणि ‘हो’नंतर दोन्हीकडे शांतता. गंमत म्हणजे चेन्नईत ज्याने त्याने भेटल्यावर हेच विचारावं, “साप्टींगळा?” तिथे त्याचा अर्थ ‘कशी आहेस’ इतकाच असतो. घरी मात्र त्याची हजेरी होते.

त्याऐवजी बारीक काहीतरी विचारा. वर्गात आज बाकावर शेजारी कोण होतं, पाणी किती वाजता आलं, शेजारच्यांच्या कुत्रीला पिल्लं किती झाली. मुलीला माझं गणित तेवढं नको होतं, म्हणून मी तिच्या मराठीच्या धड्यांची उजळणी घ्यायचे. ती वाचायची, मी कपडे घडी करत ऐकायचे. वीस मिनिटं जायची आणि कुणाला बोलायला विषय शोधावा लागायचा नाही. सासूबाईंना व्हिडिओ आवडत नाही, त्यांच्याशी साधा फोन. त्यांच्याशी रविवारी सकाळी वेगळं बोलायचं, नाहीतर त्या सगळ्यांच्या मागे राहून नुसत्या ‘बरं आहे’ म्हणतात.

रडू आलं तर रडा, पण पावणेनऊला नाही. आमच्या हॉस्टेलच्या गच्चीत पाण्याच्या टाकीमागे एक जागा होती. तिथे कुणी कुणाला काही विचारत नसे. तुमच्याकडेही असेल.

सणाची रजा

तमिळनाडूत दिवाळी मुख्यतः एकाच दिवसाची, नरक चतुर्दशीची. पहाटे तेल लावून अंघोळ, नवे कपडे, फटाके, आणि दुसऱ्या दिवशी कारखाना सुरू. आपलं लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज त्यानंतर, आणि त्यासाठी रजा मागितली तर तिथल्या साहेबांना कळतच नाही कशाला हवी. लेखी अर्ज एक महिना आधी द्या.

पोंगल मात्र आपल्या संक्रांतीलाच येतो आणि तिथे सलग तीन-चार दिवस सुट्टी असते. त्याच दिवसांत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक. मेसही बंद असते. तेव्हा घरी जायची फेरी हीच धरा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यात सकाळीच बसायचं. तत्काळच्या भरवशावर राहिलात तर एसीला आदल्या दिवशी सकाळी दहा, साध्या स्लीपरला अकरा, आणि तेव्हा तुम्ही कामावर असणार. मुंबईकडे जाणारी थेट गाडी रेणिगुंटा, गुंतकल, वाडीवरून सोलापूर गाठते, पंधरा-सोळा तास धरा.

रविवार

रविवारी दुपारी चार ते सात हा वेळ वाईट. सकाळ धुण्यात जाते, दुपार झोपेत, आणि मग खोलीत दिवे लागायच्या आधी काही सुचत नाही. त्या वेळी खोलीत थांबू नका. आम्ही दोघी बेझंट नगरच्या किनाऱ्यावर जायचो. कागदात सुंडल मिळतं, उकडलेले चणे, खोबरं, कैरी. एकदा मुद्दाम पहाटे गेलो. आपण कोकणात सूर्य बुडताना बघणारी माणसं, तो समुद्रातून वर येताना बघून मला वेळच उलटी लागल्यासारखी वाटली.

जॉर्जटाऊनमध्ये तंबू चेट्टी रस्त्यावर काळिकांबाळचं देऊळ आहे. शिवाजी महाराज 1677 मध्ये इथे दर्शनाला आले होते, असं तिथे सांगतात. पहिल्यांदा गेले तेव्हा देवीपुढे उभी राहून मी मोठ्याने मराठीत बोलले. काही मागितलं नाही. महिनाभर फोन सोडून मराठी बोलले नव्हते, एवढंच.

परत आल्यावर

पहिले दोन दिवस स्वयंपाकघरात काही हलवू नका. डबे वेगळ्या जागी असतील, पोळीचा तवा भाजीच्या कढईवर असेल, मुलगी चहा तिच्या पद्धतीने करेल. आमच्याकडे मिठाचा डबा वरच्या फळीवर गेला होता, माझा हात पोहोचत नाही तिथे. अजून तिथेच आहे. लागलं की मी ह्यांना हाक मारते.