मला मिळालं, मला कळलं, मला उशीर झाला: इंग्रजी 'गेट' कसं वापरायचं

देवनागरीत दाराचं 'गेट' आणि क्रियापद 'गेट' एकसारखंच लिहिलं जातं. इंग्रजीत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचा उच्चारही वेगळा आहे. दाराच्या शब्दात 'ए' लांबतो आणि शेवटी 'इ'कडे झुकतो, जवळजवळ 'गेइट' असा. क्रियापदातला 'ए' आखूड असतो, तो उच्चारल्या उच्चारल्या 'ट'वर थांबायचं. हा फरक आधी जिभेवर बसवा, कारण पुढचं सगळं या आखूड शब्दाबद्दल आहे.

शब्दकोशात 'गेट'चे अर्थ पानभर सापडतात. ते पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. मराठी बोलणाऱ्याची खरी अडचण वाक्याच्या रचनेत आहे. आपल्याकडे वस्तू, राग, आजार, समज हे सगळं माणसाकडे येतं आणि माणूस 'ला' लावून बाजूला उभा राहतो: मला पत्र मिळालं, तिला राग आला, त्याला सर्दी झाली, मुलांना विनोद कळला. इंग्रजीत तोच माणूस कर्ता होऊन वाक्याच्या तोंडाशी येतो: 'आय गॉट अ लेटर', 'शी गॉट अँग्री', 'ही गॉट अ कोल्ड', 'द किड्स गॉट द जोक'. मिळणे, येणे, होणे, कळणे या चार मराठी क्रियापदांचं काम एकट्या 'गॉट'ने केलं. म्हणून पहिली पायरी अशी: मराठी वाक्यातला 'ला' काढा, माणसाला पुढे आणा आणि मग 'गेट' बसतं का ते पाहा.

बहुतेक वेळा ते बसतं. तीन-चार रोजची वाक्यं मात्र फसवतात.

'मला उशीर होतोय' याचं आपण 'आय ॲम गेटिंग लेट' करतो. भारतात ते सगळ्यांना समजतं, पण बाहेर त्यासाठी 'आय ॲम रनिंग लेट' म्हणतात. 'इट इज गेटिंग लेट' हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ 'बराच उशीर झाला, रात्र होत आली' असा होतो. 'मला बोअर होतंय' यावरून 'आय ॲम गेटिंग बोअरिंग' म्हटलं, तर 'मी कंटाळवाणा होत चाललोय' असा अर्थ निघतो. हवं असतं 'आय ॲम गेटिंग बोअर्ड'. 'मला झोप येतेय' म्हणजे 'आय ॲम गेटिंग स्लीपी'. तिथे 'आय ॲम गेटिंग स्लीप' म्हटलं, तर ऐकणाऱ्याला 'मला पुरेशी झोप मिळतेय' असं वाटू शकतं, म्हणजे उलटंच. फोनवर आवाज तुटत असताना 'आय ॲम नॉट गेटिंग यू' म्हणण्याची सवय आहे. आवाज येत नसेल तर 'आय कान्ट हिअर यू' आणि शब्द निसटला असेल तर 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट' म्हणा. 'आय डोन्ट गेट यू' याचा अर्थ 'तुझं मला काही कळतच नाही' असा, माणसाच्या स्वभावावर बोट ठेवणारा होतो.

'गेट'च्या पुढचा शब्द बघा

अर्थ ठरवण्याचं काम पुढचा शब्द करतो. वाचताना अडलात तर 'गेट'वर न थांबता त्याच्या पुढे काय आलंय ते पाहा.

पुढे नाम आलं की अर्थ मिळणे, आणणे, विकत घेणे यांपैकी एक. 'गेट मी सम वॉटर' म्हणजे पाणी आण. 'आय गॉट धिस फॉर टू हंड्रेड रुपीज' म्हणजे हे दोनशेला घेतलं. घरात कुणी 'कॅन यू गेट द डोअर?' म्हणालं तर दार उघडायला सांगितलंय आणि 'गेट द फोन' म्हणालं तर फोन उचलायला. इथे एक चूक वारंवार होते. 'ती डॉक्टर झाली' याचं 'शी गॉट अ डॉक्टर' केलं, तर तिने डॉक्टर बोलावून आणला असा अर्थ होतो. व्यवसाय किंवा पद सांगणाऱ्या नामासाठी 'बिकम' घ्यावं लागतं: 'शी बिकेम अ डॉक्टर'.

पुढे विशेषण आलं की अर्थ 'होणे': 'गेट रेडी', 'गेट टायर्ड', 'गेट बेटर'. 'बी' स्थिती सांगतं, 'गेट' बदल सांगतं. आपल्याकडे 'आहे' आणि 'झालं' यांत जो फरक, तोच इथे आहे. 'आय ॲम मॅरिड' म्हणजे माझं लग्न झालेलं आहे. 'आय गॉट मॅरिड इन मे' म्हणजे मेमध्ये लग्न झालं. कुणाशी, हे सांगताना आपल्या मराठी 'शी' प्रत्ययामुळे 'विथ' तोंडात येतं, पण तिथे 'टू' लागतं: 'शी गॉट मॅरिड टू हिम'. तसंच सवयीचं. 'आय ॲम यूज्ड टू द कोल्ड' म्हणजे थंडीची सवय आहे, 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू द कोल्ड' म्हणजे सवय होत चालली आहे. यापुढे क्रियापद आलं तर ते 'आयएनजी' लावूनच येतं: 'गेटिंग यूज्ड टू ड्रायव्हिंग'. नासणं, विटणं, वेड लागणं यांसाठी इंग्रजी बहुधा 'गो'कडे वळते: 'द मिल्क वेन्ट बॅड'.

पुढे ठिकाण आलं की अर्थ पोहोचणे. ठिकाणाच्या नावाआधी 'टू' लावा: 'वी गॉट टू पुणे ॲट नाइन'. घर, इथे, तिथे या तिघांना 'टू' चालत नाही: 'गेट होम', 'गेट हिअर', 'गेट देअर'. 'रीच'चं गणित वेगळं आहे, त्याला 'टू' कधीच लागत नाही. 'रीच्ड टू होम' ही सरळ चूक आहे.

करून घेणं आणि करायला लावणं

'मी काल केस कापले' असं आपण बिनदिक्कत म्हणतो आणि सलूनमध्ये जाऊन आलो हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं की कात्री तुमच्याच हातात होती. 'आम्ही घर रंगवलं' याचंही तसंच: 'वी पेंटेड द हाउस' म्हणजे बादली आणि ब्रश घेऊन तुम्ही स्वतः उभे होतात. काम दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर क्रम असा ठेवा: आधी 'गेट', मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय गॉट माय हेअर कट.' 'वी गॉट द हाउस पेंटेड.' 'आय नीड टू गेट धिस फॉर्म अटेस्टेड.' वस्तू मधोमधच आली पाहिजे. 'आय गॉट कट माय हेअर' असा क्रम केला तर वाक्य मोडतं. गेटऐवजी 'हॅव' वापरलं तरी रचना हीच राहते, सूर थोडा औपचारिक होतो.

वाईट घडलं असेल तर जपून, ते तुम्हीच करून घेतल्यासारखं वाटू नये. पाकीट मारलं गेलं तेव्हा 'माय वॉलेट गॉट स्टोलन' किंवा 'आय हॅड माय वॉलेट स्टोलन' म्हणणं सुरक्षित. शस्त्रक्रियेबद्दल आपण 'आय गॉट ऑपरेटेड' म्हणतो. तिथे 'आय हॅड ॲन ऑपरेशन' हे साधं वाक्य सगळीकडे चालतं.

वस्तूऐवजी माणूस मधे आला की 'टू' घाला: 'आय गॉट हिम टू साइन' म्हणजे मी त्याला सही करायला लावली. 'मेक' आणि 'हॅव' यांच्यासोबत 'टू' नसतं, 'आय मेड हिम साइन', त्यामुळे गल्लत होते. अर्थाची छटाही वेगळी आहे. 'गेट'मध्ये गळ घालणं, पटवणं, मागे लागणं आहे. 'मेक'मध्ये भाग पाडणं आहे. सासऱ्यांना डॉक्टरकडे जायला राजी केलं असेल तर 'गॉट', ओढत नेलं असेल तर 'मेड'.

'गेट'पुढे थेट तिसरं रूप आलं की कर्मणी अर्थ होतो: 'ही गॉट कॉट', 'शी गॉट प्रमोटेड'. यात काहीतरी अचानक झाल्याचा किंवा त्या माणसाला त्याचा फायदा-तोटा झाल्याचा भाव असतो. म्हणून इमारती, कायदे, शोध यांच्याबद्दल शांतपणे माहिती देताना ही रचना शोभत नाही. मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया 1924 साली पूर्ण झालं, तिथे 'वॉज कम्प्लीटेड' लिहायचं, 'गॉट कम्प्लीटेड' नाही.

एका 'हॅव'ने अर्थ कसा उलटतो

'आय गॉट टू मीट हर' म्हणजे मला तिला भेटायला मिळालं. मराठीतलं 'करायला मिळणं' इथे अगदी चपखल बसतं. 'आय हॅव गॉट टू मीट हर' म्हणजे मला तिला भेटलंच पाहिजे. एकात संधी आहे, दुसऱ्यात सक्ती. बोलताना 'हॅव' आक्रसून नुसता 'व्ह' उरतो, कधी तोही गळतो आणि 'गॉट टू'चं 'गॉटा' होतं. 'आय गॉटा गो' ऐकलं तर अर्थ 'निघायलाच हवं' असाच घ्या.

'हॅव गॉट'पुढे नाम आलं की अर्थ बहुधा 'आहे': 'आय हॅव गॉट टू ब्रदर्स' म्हणजे मला दोन भाऊ आहेत. रूप जरी झालेल्या गोष्टीचं दिसलं, तरी अर्थ आत्ताचा. भूतकाळात 'हॅड गॉट' करू नका, नुसतं 'हॅड' पुरतं. अमेरिकेत 'मिळालं आहे' आणि 'झालं आहे' या अर्थांसाठी वेगळं रूप आहे, 'गॉटन': 'शी हॅज गॉटन अ जॉब' म्हणजे नोकरी मिळाली. ब्रिटनमध्ये तिथेही 'गॉट'च म्हणतात. 'गॉटन' हे अमेरिकेने केलेलं बिघडलेलं रूप नव्हे. ते इंग्लंडमधलंच जुनं रूप, तिकडून निघालेल्या लोकांबरोबर समुद्रापार गेलं आणि मायदेशी मागे पडलं. त्याची खूण 'फरगॉटन'मध्ये आजही दिसते, ते ब्रिटिश माणूसही म्हणतो. तुम्ही ज्या देशासाठी लिहिता त्यातलं एक रूप धरा आणि एकाच मजकुरात दोन्ही मिसळू नका.

प्रश्न आणि नकार यांत 'डिड' आला की 'गॉट' परत 'गेट' होतं. 'डिड यू गॉट माय मेसेज?' ही चूक शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकू येते. भूतकाळ 'डिड'ने आधीच सांगितला, पुढे 'गेट'च हवं.

बसमधून उतरताना

'उतरणे' म्हणून आपण सरसकट 'गेट डाऊन' म्हणतो. इंग्रजीत 'गेट डाऊन' म्हणजे शिडीवरून, झाडावरून खाली येणं. कुणी घाबरून 'गेट डाऊन!' ओरडलं तर ताबडतोब खाली वाकायचं असतं. वाहनांसाठी एक ढोबळ कसोटी आहे: आत उभं राहून चालता येतं का? बस, ट्रेन, विमान, बोट यांत येतं, म्हणून 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ': 'गेट ऑफ ॲट दादर'. कार, टॅक्सी, रिक्षा यांत वाकून शिरावं लागतं, म्हणून 'गेट इन' किंवा 'गेट इन्टू' आणि 'गेट आउट ऑफ'. सायकल, मोटरसायकल, घोडा यांवर टांग टाकून बसतो, तिथे पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ'.

जोडशब्द मराठी वाक्प्रचारांशी बांधा

'गेट'ला अव्यय जोडून झालेले शब्द यादीने पाठ होत नाहीत. त्यांना आपल्या घरातला शब्द शोधून दिला की ते राहतात. 'गेट अलाँग' म्हणजे पटणं: 'दे डोन्ट गेट अलाँग', त्यांचं पटत नाही. 'गेट बाय' म्हणजे भागणं: 'वी गेट बाय ऑन वन सॅलरी', एका पगारात भागतं. 'गेट अवे विथ' म्हणजे खपून जाणं. 'गेट अराउंड टू' म्हणजे मुहूर्त लागणं, आणि याहून नेमका प्रतिशब्द मिळणार नाही: 'आय फायनली गॉट अराउंड टू क्लीनिंग द अटिक', माळा साफ करायला एकदाचा मुहूर्त लागला. 'वेक अप' म्हणजे जाग येणं, 'गेट अप' म्हणजे अंथरूण सोडणं. आपलं 'उठणं' दोन्हीकडे चालतं, म्हणून इथे थांबून विचार करावा लागतो.

शब्दांची जागा बदलली की अर्थ बदलतो, याचं चांगलं उदाहरण 'ओव्हर'चं आहे. 'गेट ओव्हर इट' म्हणजे त्यातून सावर. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे एकदाचं उरकून टाक. दुःखात असलेल्या माणसाला पहिलं वाक्य नुसतं म्हटलं तर ते फार कोरडं लागतं, तिथे ते टाळा.

ऑफिसात 'आय विल रिव्हर्ट' लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ब्रिटन-अमेरिकेत 'रिव्हर्ट'चा अर्थ बहुधा पूर्वस्थितीला जाणं असा घेतात. 'बघून कळवतो' यासाठी 'आय विल गेट बॅक टू यू' लिहा.

कुठे 'गेट' काढून टाकायचं

बोलण्यात आणि ओळखीच्या माणसाला लिहिलेल्या मेलमध्ये 'गेट' हवंच. 'आय ऑब्टेन्ड मिल्क' असं कुणी म्हणत नाही. अर्ज, अहवाल, निबंध, परीक्षेतलं औपचारिक लेखन इथे मात्र ते ढिलं वाटतं. मिळणं असेल तर 'रिसीव्ह', प्रयत्नाने मिळवणं असेल तर 'ऑब्टेन', होणं असेल तर 'बिकम', पोहोचणं असेल तर 'अराइव्ह' किंवा 'रीच'. 'पत्र मिळालं' हे कर्मणीत लिहायचं असेल तर पर्यायच नाही: 'द लेटर वॉज गॉट' असं कुणी लिहीत नाही, 'वॉज रिसीव्ड' लिहावं लागतं.

लिहून झालेल्या मसुद्यात प्रत्येक 'गेट' आणि 'गॉट' शोधा आणि एकेक बदला. 'आय गॉट माय डिग्री इन 2019 अँड गॉट अ जॉब इन नाशिक, व्हेअर आय गॉट इंटरेस्टेड इन ऑडिट' हे वाक्य मग असं होतं: 'आय कम्प्लीटेड माय डिग्री इन 2019 अँड जॉइन्ड अ फर्म इन नाशिक, व्हेअर आय बिकेम इंटरेस्टेड इन ऑडिट.'