ऑनलाइन विक्रीत नफा कुठे झिरपतो? फी आणि पाठवणीच्या खर्चाच्या या चुका टाळा

घरगुती मसाले, खणाच्या पर्स, कागदी आकाशकंदील, जुनी पुस्तकं. असं काहीही अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोवर विकायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कमिशन किती टक्के?" प्रश्न रास्त आहे, पण छोट्या विक्रेत्याचं नुकसान बहुतेक वेळा कमिशनमुळे होत नाही. ते होतं खोक्याच्या मापामुळे, अर्ध्या किलोच्या टप्प्यामुळे आणि परत आलेल्या पार्सलमुळे. दोनशे-तीनशे रुपयांची वस्तू विकणाऱ्यांनी तर ही तीन खाती आधी आणि कमिशन शेवटी बघावं.

चूक पहिली: किमतीतून फक्त कमिशन वजा करणं

गोडा मसाल्याचं २०० ग्रॅमचं पाकीट घेऊ. विक्रीची किंमत २४९ रुपये. माल आणि पॅकिंग मिळून खर्च ९० रुपये. कमिशन ८ टक्के धरलं तर वहीत हिशेब असा दिसतो: २४९ मधून २० गेले, ९० गेले, उरले १३९. या आकड्यावर खूश होऊन लोक लिस्टिंग (साइटवर वस्तूचं पान) टाकतात.

प्रत्यक्षात कमिशनखेरीज प्रत्येक ऑर्डरवर एक ठरावीक फी असते (कुठे तिला क्लोजिंग फी म्हणतात, कुठे फिक्स्ड फी). समजा ती २० रुपये. शिपिंग समजा ६० रुपये. म्हणजे एकूण फी १०० रुपये झाली आणि या पूर्ण रकमेवर १८ टक्के जीएसटी. एकूण कपात ११८. हातात आले १३१, त्यातून ९० वजा केले की नफा ४१ रुपये. वहीतल्या १३९ च्या जागी ४१. दर प्लॅटफॉर्मप्रमाणे, वस्तूच्या प्रकाराप्रमाणे आणि अंतराप्रमाणे बदलतात, पण हिशेबाचा सांगाडा सगळीकडे हाच राहतो.

यातल्या १८ रुपयांच्या जीएसटीकडे विशेष लक्ष द्या. तुम्ही नियमित जीएसटी नोंदणी घेतली असेल तर फीवरच्या या कराचं क्रेडिट मिळतं आणि मसाल्यावरच्या ५ टक्के करातून ते वळतं करता येतं. त्यासाठी मार्केटप्लेसच्या (अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या साइटच्या) सेलर प्रोफाइलमध्ये तुमचा जीएसटी क्रमांक बरोबर हवा आणि त्यांचं फीचं बिल तुमच्या जीएसटीआर-२बीमध्ये (क्रेडिट मिळणाऱ्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) दिसायला हवं. नोंदणी नसेल किंवा तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कराची योजना) असाल तर हे १८ रुपये निव्वळ खर्चात जातात, तेव्हा किंमत ठरवतानाच ते धरा.

नोंदणीबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालचे छोटे विक्रेते जीएसटी नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवर वस्तू विकू शकतात. जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. मात्र ही सवलत राज्यातल्या राज्यात विक्रीपुरती आहे. साताऱ्याहून नागपूरला चालेल, साताऱ्याहून बेळगावला नाही.

चूक दुसरी: वजन काट्यावर करणं आणि खोका न मोजणं

ही सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून इथे जरा थांबू.

कुरिअर दोन वजनं बघतं. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानाचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५,००० ने भागायचं. येईल ते किलोमधलं आकारमानी वजन. दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर पैसे लागतात. भाजक काही कुरिअरचा वेगळा असतो, पण ५,००० सर्वाधिक चालतो.

आता आकाशकंदील घ्या. काट्यावर जेमतेम ४०० ग्रॅम. तयार कंदील ३० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात ठेवला तर ३० × ३० × ३० म्हणजे २७,०००, भागिले ५,०००, म्हणजे ५.४ किलो. साडेपाच किलोच्या टप्प्याचे पैसे भरून चारशे ग्रॅमचा कागद पाठवला जातो. तोच कंदील घडीचा केला, पट्ट्या आणि झिरमिळ्या वेगळ्या बांधल्या आणि ३२ × ३२ × ४ सेंटिमीटरच्या चपट्या खोक्यात घातला तर ०.८२ किलो होतात, म्हणजे एक किलोचा टप्पा. जोडणीच्या सूचनांचा मराठी-इंग्रजी कागद आत टाकला की गिऱ्हाइकाचीही अडचण होत नाही. दिवाळीच्या महिनाभर आधी खोके मागवताना हे गणित केलं नाही, तर पूर्ण हंगाम कुरिअरसाठी राबल्यासारखा होतो.

खोका बरोबर असूनही गडबड होते ती फुगवट्याने. ३० × २५ × ५ चा खोका ०.७५ किलोचा. आत बबल रॅप कोंबला आणि झाकण मध्ये ८ सेंटिमीटरपर्यंत उचललं गेलं तर तो १.२ किलोचा होतो, कारण कुरिअरच्या हबवरचं (पार्सलं छाननीच्या केंद्रावरचं) यंत्र सगळ्यात उंच जागा मोजतं. टेप लावून झाली की खोका टेबलावर ठेवून वरून पट्टी आडवी धरा. मधे डोलली तर आतलं सामान कमी करा.

वजनाचा फरक लावून पैसे कापले तर काय करायचं

आपण ५०० ग्रॅम लिहिलेलं, त्यांनी १.५ किलो मोजलं आणि फरक पेमेंटमधून कापला, ही तक्रार रोजची आहे. वाद घालायला मुदत असते आणि ती थोड्याच दिवसांची असते. महिनाअखेरीला रिपोर्ट उघडणाऱ्याची मुदत तेव्हा निघून गेलेली असते. दर आठवड्याला एक दिवस यासाठी ठेवाच.

पुरावा म्हणून चार फोटो लागतात: लेबल लावलेलं पार्सल काट्यावर, आकडा स्पष्ट दिसेल असं, आणि मापाची पट्टी लांबी, रुंदी, उंचीला लावलेली. प्रत्येक फोटोत लेबलचा क्रमांक वाचता आला पाहिजे, नाहीतर ते पार्सल हेच होतं हे सिद्ध होत नाही. तीच वस्तू रोज जात असेल तर लिस्टिंगमध्ये पॅकिंगसकट माप आणि वजन आधीच बरोबर भरून ठेवा. तिथे अंदाजाने भरलेला आकडा पुढे प्रत्येक ऑर्डरला नडतो.

चूक तिसरी: अर्ध्या किलोच्या टप्प्याचा फायदा न घेणं

शिपिंगचा दर बहुधा पहिल्या ५०० ग्रॅमला एक आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला वाढता असतो. २०० ग्रॅमचं एक पाकीट पाठवलं तरी अर्ध्या किलोचेच पैसे. मग दोन पाकिटांची जोडी लावा. २०० + २०० आणि पॅकिंगचे ७०-८० ग्रॅम धरून पार्सल ५०० च्या आत राहतं.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. जोडीची किंमत ४७९ ठेवली. कमिशन ३८, ठरावीक फी समजा २५, शिपिंग तेच ६०, त्यावर जीएसटी धरून कपात साधारण १४५ रुपये. माल-पॅकिंग १६८. नोंदणी असलेल्या विक्रेत्याला कराची वळती होऊन सुमारे १६५ रुपये सुटतात. दोन सुटी पाकिटं विकून ८२ सुटत होते. गिऱ्हाइकाचेही १९ रुपये वाचले.

हीच युक्ती २५० ग्रॅमच्या पाकिटांवर उलटते. दोन पाकिटांचे ५०० ग्रॅम आतच भरतात, वर खोका आणि टेप, म्हणजे पार्सल पुढच्या टप्प्यात गेलं. ऑनलाइन विकायचंच असेल तर पाकिटाचं वजन ठरवतानाच टप्पा डोळ्यांसमोर ठेवा. माझ्या मते नव्या विक्रेत्याने करायच्या बदलांत याच्याइतका स्वस्त आणि लगेच फळणारा दुसरा नाही.

इथेच एमआरपीचं सांगून ठेवते. पाकिटावर २२० छापून बसलात तर ऑनलाइन २४९ ला विकता येणार नाही, छापील किमतीपेक्षा जास्त घेणं वजनमाप कायद्यात बसत नाही. नवं लेबल छापायच्या आधी ऑनलाइनचा पूर्ण खर्च धरून एमआरपी ठरवा. दुकानात कमी किमतीला देणं तुमच्या हातात आहे.

चूक चौथी: किमतीच्या रेषांकडे दुर्लक्ष

अ‍ॅमेझॉनच्या क्लोजिंग फीचे टप्पे ३००, ५०० आणि १,००० रुपयांच्या रेषांवर बदलत आलेले आहेत. त्यात एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी ३०० रुपयांखालच्या १.२ कोटींहून जास्त वस्तूंची रेफरल फी (म्हणजे कमिशन) शून्य केली. मीशोने शून्य कमिशन २०२१ पासूनच ठेवलं आहे. त्यामुळे ३१० ला विकलेल्या वस्तूतून २९९ ला विकलेल्या वस्तूपेक्षा कमी पैसे हातात येणं सहज शक्य असतं. किंमत बदलायच्या आधी सेलर पॅनलमधल्या फी कॅल्क्युलेटरमध्ये रेषेच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही किमती टाकून बघा. दर वर्षातून एकदा तरी हलतात, गेल्या वर्षीचा तक्ता भिंतीवरून काढून टाका.

शून्य कमिशन म्हणजे शून्य खर्च नव्हे. शिपिंग, परतीचा खर्च आणि जाहिरातीचे पैसे तिथेही असतात.

चूक पाचवी: परतीचा खर्च "नशीब" म्हणून सोडून देणं

पार्सल दोन तऱ्हांनी परत येतं. पोचलंच नाही म्हणून आलं तर आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन), गिऱ्हाइकाने घेऊन परत केलं तर कस्टमर रिटर्न. दोन्हींचे पैसे वेगळे लागतात, म्हणून रिपोर्टमध्ये ते वेगळे काढा. मार्केटप्लेसवर आरटीओचा भार बऱ्याचदा कमी असतो आणि कस्टमर रिटर्नला परतीचं शिपिंग कापलं जातं. स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा इन्स्टाग्रामवरून विकून कुरिअर एजन्सीमार्फत पाठवत असाल, तर आरटीओला जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही भाडं तुमच्यावर येतं.

वरचं एकटं मसाल्याचं पाकीट गिऱ्हाइकाकडून परत आलं असं धरा. पाकीट पुन्हा विकता येणार नाही, ९० रुपये गेले. परतीचं शिपिंग समजा ७० आणि कर, म्हणजे ८३. एका परतीत १७३ रुपये, म्हणजे चार ऑर्डरींचा नफा. दहा ऑर्डरींत एक परत येत असेल तर उरलेल्या नवांतल्या चार फुकट गेल्या. हा आकडा प्रत्येक वस्तूसाठी वेगळा काढा, कारण एकाच दुकानातल्या दोन वस्तूंचं परतीचं प्रमाण फार वेगळं असतं. कपड्यांत मापाचा तक्ता इंचांत आणि प्रत्यक्ष कपडा मोजून दिला की परती कमी होतात. खणाच्या कापडाचा रंग स्टुडिओच्या दिव्यात वेगळा दिसतो, खिडकीच्या उजेडातला एक फोटो जोडा.

स्वतःच्या विक्रीत कॅश ऑन डिलिव्हरी ठेवायची असेल तर पाठवण्याआधी फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पक्का करा आणि आगाऊ पैसे देणाऱ्याला थोडी सूट द्या. सूट दिलेले वीस रुपये आरटीओच्या भाड्यापेक्षा कमीच असतात.

परत आलेलं पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, अगदी लेबलपासून सलग. आत भलतीच वस्तू किंवा फुटका माल निघाला तर अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर सेलर प्रोटेक्शन फंड असे भरपाई मागायचे मार्ग आहेत. तिथेही मुदत असते, आणि पॅकिंग करतानाचा व्हिडिओ असेल तर बाजू भक्कम होते.

चूक सहावी: पोस्टाचा विचारच न करणं

स्वतः पाठवणाऱ्यांनी भारतीय डाकेचे दर एकदा नीट बघावेत. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टचे नवे दर आले. ईशान्येकडच्या किंवा दुर्गम गावातल्या ऑर्डरीला खासगी कुरिअर नकार देतं तिथे पोस्ट पोचतं.

पुस्तकं विकणाऱ्यांसाठी १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, कर वेगळा, आणि ट्रॅकिंगही मिळतं. जाणं भूमार्गाने, त्यामुळे वेळ लागतो हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि आत जाहिराती नकोत. जाहिरातींनी भरलेले दिवाळी अंक यात बसत नाहीत, त्यांचा पाठवणीचा खर्च वेगळा धरूनच किंमत सांगा.

चूक सातवी: बँकेत आले तेवढेच पैसे विक्री म्हणून लिहिणं

मार्केटप्लेस सगळं कापून उरलेले पैसे जमा करतं. अनेक जण वहीत तीच रक्कम विक्री म्हणून चढवतात. समजा वर्षभरात गिऱ्हाइकांनी ६ लाख भरले आणि बँकेत ३ लाख ९० हजार आले. मार्केटप्लेसने कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) पूर्ण विक्रीवर असतो आणि तो आकडा तुमच्या एआयएसमध्ये (आयकर पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसतो. विवरणपत्रात ३ लाख ९० हजार लिहिले की तफावतीची विचारणा येते. विक्री पूर्ण दाखवा, फी आणि शिपिंग खर्चाच्या बाजूला लिहा.

टीडीएसचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे. वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीने पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तो कापला जात नाही. पॅन नसेल तर ५ टक्के जातात. जीएसटीतला टीसीएस (मार्केटप्लेसने तुमच्या नावे कापून भरलेला कर) १० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के. या दोन्ही रकमा खर्चात टाकू नका, त्या तुमच्याच आहेत. टीसीएसची रक्कम जीएसटी पोर्टलवर जाऊन मान्य केली की तिथल्या तुमच्या रोख खातेवहीत (कॅश लेजरमध्ये) येते. मान्य करायची राहिली तर ती तिथेच पडून राहते.

शेवटी गोदामाबद्दल थोडं. माल भिवंडीसारख्या ठिकाणच्या मार्केटप्लेसच्या गोदामात ठेवला तर पाठवणी जलद होते, पण जागेचं भाडं घनफुटावर दरमहा चालू राहतं. वर्षभर खपणाऱ्या मसाल्याला ते परवडतं. कंदील मात्र भाऊबीज होताच परत मागवायची नोंद टाका, परत मागवण्याचीही फी असते आणि पडून राहिलेल्या मालावर ती नंतर भाड्यासकट द्यावी लागते. गोदाम दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याची जीएसटी नोंदणी आधी करून घ्यावी लागते.